मोठ्या आईचा लेप

मूर्तिजापूरला तूफान गाडी थांबली ती चहासाठी, असं अमोलचे वडील नत्थुजी म्हणाले. खरं कारण म्हणजे अमोलला तिसऱ्यांदा उतरायचं होतं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालेल्या नवरदेवाच्या पोटाचा भरवसा कोणी धरावा? गाडीतली माणसं त्याच्यावर हसून घेत होती, आणि हसायला मिळतंय याचंच त्यांना बरं वाटत होतं. सात घरांतून "पोरगा लाखात एक, पन शेती करते ना," एवढंच ऐकून हे घर परत आलं होतं. काळी जमीन, विहिरीला पाणी, पोरगा बीएस्सी झालेला, तरी पोरगी कोणी देईना. फेब्रुवारीत गारांनी हरभरा झोपवला आणि त्याच आठवड्यात अकोल्याच्या खुशालरावांचा होकार आला. अमोलच्या आईनं, लीलाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली, पण शेजारणीला कळू दिलं नाही. दृष्ट लावणारी माणसं वलगावात कमी नाहीत.

रागिणी मात्र रसवंतीच्या मागे उभी राहून फोनवर बोलत होती. ही अमोलची चुलत बहीण. बाप धारणीकडच्या आश्रमशाळेवर मास्तर, तिकडे शिक्षणाची आबाळ, म्हणून पाचवीपासून वलगावला मोठ्या आईजवळ, म्हणजे लीलाबाईंजवळ वाढलेली. आता अमरावतीत राजकमल चौकाजवळ नबीभाईंच्या कॉस्मेटिकच्या दुकानात ती काउंटरवर असते. पोरगी बीए झाली हे गावात कोणाला आठवत नाही, लिपस्टिक विकते हे सगळ्यांना पाठ आहे.

नबीभाईंच्या लेकीनं, तुबानं, दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिला ब्लॉग काढून दिला होता. "पुन्याच्या बाया लिवतात, काजळ लावा अन् निघा. मे महिन्यात अमरावतीत निघून तं दाखवा," असं तुबाचं म्हणणं. म्हणून ब्लॉगचं नाव 'सेहेचाळीस अंश'. रागिणीची पद्धत सरळ होती. काजळ असो की क्रीम, आधी स्वतः लावायचं, भर दुपारी दोन वाजता राजकमलपासून पंचवटीपर्यंत पायी जायचं, आणि आरशात जे दिसेल ते लिहायचं. कंपनी मोठी म्हणून कोणाला सूट नाही. अशा लिहिण्यावर बाया जीव टाकू लागल्या होत्या. परतवाड्याहून, वाशीमहून, थेट नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून पोरी लिहायच्या, ताई, घामात टिकणारं काहीतरी सांगा.

फोनवर पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकबाई होत्या.

"दर महिन्याला दोन पानं, रागिणी. तुमच्या नावानं. सुरुवात 'मोठ्या आईचा लेप' यानंच करू. तुमचं सगळ्यात सुंदर लेखन आहे ते. आज अंक छपाईला जातोय, तेव्हा संध्याकाळी सहापर्यंत मला पक्कं सांगा."

"हो मॅडम, सांगते," रागिणी म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती रसवंतीच्या मागेच उभी राहिली. आनंद तर होताच, पण आनंद झालेलं माणूस असं आडोशाला थांबत नाही.

तो लेख तिनं होळीच्या सुमारास एका बैठकीत लिहिला होता. लीलाबाईंच्या दोन्ही पायांवर, घोट्यापासून खाली, कोड होतं. अमोल वर्षाचा असताना पहिला ठिपका उठला आणि मग पसरत गेला. तेव्हापासून रोज पहाटे त्या पायांना एक लेप लावत. घरात त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. नत्थुजींना ठाऊक होतं. बाजारातून गेरू तेच आणत, न सांगता, संपायच्या आत. रागिणीनं लहानपणी अर्धवट झोपेत, गोधडीतून, तो लेप कितीदा पाहिला होता. लेखात तिनं नाव घातलं नव्हतं, गाव घातलं नव्हतं. नाव नाही तर विचारायचं कशाला, अशी तिनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

गाडीत बसल्यावर तिनं मासिकाची बातमी सांगितली. लेख कोणता ते सांगितलं नाही.

"पावडरीवर दोन पानं?" अमोल म्हणाला. "अन् आमच्या गारपिटीवर दोन ओळी नाई आल्या कुठं!"

"तुह्या तोंडाले लावाची पावडर आदी इचारून घे तिले," मैनाबाई, रागिणीची आई, फणकारल्या. पण लेकीचं नाव छापून येणार म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता आणि तो लपत नव्हता.

लीलाबाईंनी रागिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मले वाचून दाखवजो बरं का, बाई. मी सातवीलोक शिकली हाये, पन तुह्या तोंडून आईकलं म्हनजे बरं वाटते."

"दाखवीन मोठी आई," रागिणी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

अकोल्यात, जठारपेठेतल्या घरात, खुशालरावांच्या बायकोची, माणिकबाईंची, सकाळपासून धांदल उडाली होती.

त्यांच्या कल्याणीच्या मानेवर, उजव्या कानाखाली, लहानपणचा एक डाग होता. कढईतलं तेल उडालं होतं, दुसरं काही नाही. पोरगी पाहायला आले तेव्हा केस मोकळे होते, कोणाला दिसला नाही. आज अंबाडा घालायचा, गजरा माळायचा, म्हणून पोरीनं मोबाईलवर कुठला तरी लेप वाचला आणि आईला न विचारता काल संध्याकाळी लावून पाहिला. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मान कानापासून खांद्यापर्यंत लालबुंद, आणि डागाच्या जागी फोड आलेले.

"रोज शंभर पोरांले शिकवते अन् सोताले अक्कल नाई!" माणिकबाई दबक्या आवाजात ओरडल्या. दबक्या आवाजात ओरडणं हे मुलीच्या आईलाच जमतं. "आता पाव्हने काय म्हनतीन? पोरीच्या अंगाले काई हाये म्हनतीन!"

"आई, जळजळ होऊन राह्यली," कल्याणी म्हणाली.

"होऊ दे." असं म्हणून त्याच बाईनं ओला पंचा आणून पोरीच्या मानेवर ठेवला आणि स्वतःचे डोळे पुसले.

त्यांनी बेत ठरवला. पदर मानेभोवती घेऊन पिन लावायची. पोरीला खिडकीकडे डावी बाजू करून बसवायचं. पाहुणे उठेपर्यंत सांभाळायचं, मग डॉक्टर. झाकली मूठ सव्वा लाखाची. खुशालरावांनाही त्यांनी सांगितलं नाही, कारण खुशालरावांच्या पोटात गोष्ट राहत नाही, चेहऱ्यावर येते.

पाहुणे आले. बैठकीत गार पाणी झालं, सरबत झालं. खुशालराव आणि नत्थुजी गारांच्या आकारावर बोलायला लागले. एक म्हणे लिंबाएवढी, दुसरा म्हणे बोराएवढी, दोघंही सोयरे म्हणून एकमेकांची गार मोठी मानत होते. माणिकबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. सासरच्या बायांनी आत येऊन मुलीला सासरची साडी नेसवायची, ही रीत त्यांच्या घाबरलेल्या डोक्यातून पार निघून गेली होती. लीलाबाई साडीची घडी घेऊन उठल्या, तेव्हा ती आठवली.

"मी नेसवते ना, ईनबाई, तुमी कायले तरास घेता?"

"माही एकच सून," लीलाबाई हसून म्हणाल्या, "मी नाई नेसवीन तं कोन?" आणि त्या आत गेल्यासुद्धा.

खोलीत कल्याणी पलंगाच्या काठावर बसली होती. लीलाबाईंनी साडी मांडीवर ठेवली, पोरीची हनुवटी वर केली आणि पदराची पिन काढली.

त्या दचकल्या नाहीत. लग्नाच्या घरात बायकांची मान, पाय, हात किती ठिकाणी झाकलेले असतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी मान उजेडाकडे वळवली आणि बोटानं कडेनं चाचपलं.

"हे अंगचं नोय," त्या म्हणाल्या. "काय लावलं होतं तुनं?"

कल्याणी रडायला लागली. रडता रडता तिनं तेलाचा डाग सांगितला, ब्लॉग सांगितला. "लय चांगलं लिवते थे ताई. मी दोन वर्सापासून वाचतो. तिनं सांगतलेलं एकही काजळ आजलोक वाया गेलं नाई." आणि पुरावा म्हणून तिनं मोबाईल पुढे केला.

लीलाबाईंनी चष्मा लावला. अक्षरं बारीक होती, त्या ओठ हलवत वाचू लागल्या.

'आमच्या घरातली मोठी आई रोज पहाटे पाटावर बसून आपल्या पायांना रंग देते. ब्रश नाही, आरसा नाही. गेरू, हळद, कुंकवाखाली लावतात ते मेण, आणि डबीतला चिमूटभर चुना. तिच्या हातचा रंग कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, हे मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही. कंपन्या चाळीस छटा विकतात. हिची छटा एकच, पण ती नेमकी तिची.'

आधी त्यांची कानशिलं तापली. तीस वर्षं ज्या गोष्टीचा शब्द घरात निघाला नाही ती इथे, होणाऱ्या सुनेच्या हातात, उजेडात पडली होती. कोणी लिहिलं हे सांगायची गरज नव्हती. गोधडीतून पाहणारे ते डोळे त्यांनी तेव्हाही ओळखले होते आणि झोपेचं सोंग चालू दिलं होतं. मग, खोटं कशाला सांगावं, 'नेमकी तिची' या शब्दांपाशी त्या पुन्हा एकदा थांबल्या. त्यांच्या हाताच्या कामाला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती आणि कोणी नावाजलंही नव्हतं. तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा मागे गेली आणि सगळी लाज एका झटक्यात रागात गेली.

"चुना?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चुना कोन्या शहानीनं सांगतला? चुन्यानं मानूस भाजते! शंखजिरं असते थे, शंखजिरं!"

कल्याणीनं डोळे पुसले आणि हळूच खाली पाहिलं, साडीच्या निऱ्यांखाली, लीलाबाईंच्या पायांकडे. ते पाय गव्हाळ, एकसारखे, साधे दिसत होते.

"हो, मीच थे," लीलाबाई म्हणाल्या. "आता बस. मान आदी वाहत्या पान्यानं धू. रागिणीले बलाव. निळ्या ड्रेसवाली."

रागिणी आत आली. कल्याणीची मान, मोठ्या आईच्या हातातला मोबाईल, दोन्ही एकदम दिसले आणि तिनं चौकटीला हात टेकवला.

"डबी कोनती होती रागिणी?"

"मोठ्या बाबांची. चुन्याची."

"डबी चुन्याची होती," लीलाबाई म्हणाल्या. "त्यात शंखजिऱ्याची पांढरी भुकटी ठेवत होती मी. काहून? तं तंबाखू खानाऱ्याच्या घरात चुन्याची डबी कोनी उघडून पाहत नाई. मी लपवलं अन् तू लपून पाह्यलं, अन् भाजली कोन?"

"मले वाटलं हळदीत चुना पडला का लाल होते, म्हनून पायाचा रंग तसा येत असन. कुकू असंच तं बनते."

"लावून पाह्यलं होतं?"

रागिणीनं नकारार्थी मान हलवली. दीडशे लेखांत तिनं स्वतःच्या कातडीवर न लावलेली ही एकच गोष्ट होती. ते लिहिताना तिला स्वतःचं लिहिणं इतकं आवडत होतं की उठून डबी उघडायचं तिला सुचलंच नाही. आता ते आठवून तिला स्वतःची किळस आली.

"कल्याणी, माहं चुकलं," ती म्हणाली. "थो ब्लॉग माहा हाये."

कल्याणीनं तोंडावर हात ठेवला. जिच्यावर दोन वर्षं विश्वास ठेवला ती समोर उभी होती, आणि ती नणंद होती. हसावं की रडावं हे पोरीला कळेना.

मैनाबाई दारातून सगळं ऐकत होत्या. जावेची बाजू घेऊन त्या आयुष्यभर सासूशी भांडल्या होत्या. पण लेकीवर बालंट येतंय म्हटल्यावर तीस वर्षांची जावपणाची मैत्री एका पावलात उंबऱ्याबाहेर राहिली. त्या आत आल्या आणि दार अर्धवट लोटून म्हणाल्या, "माह्या पोरीचं नाव कोनी घ्याचं नाई. चुन्याचं एक बोट लागलं तं एवढं होते का? ह्या पोरीच्या अंगालेच काई असन. आजच इचारून घ्या, उद्या म्हनू नका."

दाराच्या त्या अर्ध्या फटीत, गरम पाण्याचं तपेलं घेऊन, माणिकबाई उभ्या होत्या.

माणिकबाईंचा चेहरा असा उतरला की रागिणीला आईकडे पाहवेना. सकाळपासून ज्याची भीती होती तेच शब्द, त्याच चालीत, दुसऱ्याच्या तोंडून आले होते. त्यांनी तपेलं खाली ठेवलं. "आई," म्हणून कल्याणी उठायला लागली.

लीलाबाईंनी मैनाबाईंकडे एकदा पाहिलं. रागावून नाही, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी रस्त्यावर पाहावं तसं. मग त्या पाटावर बसल्या.

"पाय धुवाले पानी आनलं ना, ईनबाई?" त्या म्हणाल्या. "या मंग. परात सरकवा."

विहिणीचे पाय धुण्याची रीत दोन्ही घरांत साक्षगंधालाच होती. ती टाळण्यासाठी लीलाबाई वलगावाहून एक वाक्य तयार करून निघाल्या होत्या, "माह्या टाचांले भेगा हायेत, पानी लागू देत नाई डॉक्टर." रागिणीनं ते वाक्य आदल्या दिवशी त्यांच्या तोंडून ऐकलंही होतं. आता ते आलं नाही. लीलाबाईंनी निऱ्या वर घेतल्या आणि दोन्ही पाय परातीत ठेवले.

"मोठी आई, नको," रागिणी पुटपुटली. "पानी ऊन हाये."

"मले ठावं हाये मेन कशानं सुटते थे."

माणिकबाई खाली बसल्या. काय चाललंय हे त्यांना उमगत नव्हतं, पण रीत हातांना येत होती. तांब्यानं पाणी घातलं. डाव्या घोट्यावरून हात फिरवला तसा त्यांच्या बोटांना विटकरी रंग लागला. त्यांना वाटलं, गावची माती असेल. पुन्हा पाणी घातलं. परातीतलं पाणी गढूळ होत गेलं आणि त्याखालून एक पांढरा, गुळगुळीत पाय वर आला, मध्ये मध्ये गव्हाळ बेटं राहिलेला.

माणिकबाईंचा हात थांबला. पहिला विचार जो आला तो चांगला नव्हता. 'फसलो.' दुसरा विचार पोराचा आला, मग नातवंडांचा. सकाळी पोरीच्या पदराला पिन लावताना समोरचे कसे फसतील याचा त्यांनी नीट बेत केला होता, हे आठवायला जरा वेळ लागला.

"तुमच्या पोरीचं भाजलेलं हाये. आठ दिवसांत जाईन," लीलाबाई म्हणाल्या. "माहं जात नाई. अमोलच्या अंगावर ठिपका नाई, पुढचं देवाले ठावं. डॉक्टर म्हनते लागत नाई कोनाले. सोयरीक ठरवाच्या आदी सांगाले पायजे होतं, माह्यात हिंमत नोती. आता तुमी सांगा."

मैनाबाई भिंतीला टेकल्या होत्या.

रागिणी परातीपाशी खाली बसली. "काकू, लेप मी लिवला. चुना माह्या मनानं टाकला. मोठ्या आईले न इचारता लिवलं. तुमच्या पोरीची चूक नाई, अन् मोठ्या आईचीही नाई."

"तू लिवतं अन् माही पोरगी भाजते!" माणिकबाईंचा सकाळपासूनचा सगळा राग योग्य माणसाला सापडला. "रात्रभर तळमळली थे! तुमाले काय, बोटं चालवली का झालं. अजून किती जनींनं लावलं असन, ठावं हाये?"

रागिणीला ठाऊक नव्हतं. आत्तापर्यंत तो विचारही आला नव्हता, आणि आला तशी तिनं कल्याणीच्या मोबाईलकडे पाहिलं.

माणिकबाई पुन्हा परातीकडे वळल्या. मग तांब्या उचलला आणि उजवा पाय धुवायला घेतला, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेपर्यंत, नीट. पदरानं पुसले. हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं. पांढऱ्यावर कुंकू फार लाल दिसलं.

"पोरीची मान तुमी पाह्यली, तुमचे पाय मी पाह्यले," त्या म्हणाल्या. "आता लपवाले राह्यलंच काय, ईनबाई? उठा. तिकडे मानसं गारा मोजून मोजून थकली असतीन."

लीलाबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं.

साक्षगंध झालं. कल्याणी ओल्या मानेवर खोबरेल लावून, केस मोकळे सोडून बसली. लीलाबाई अनवाणी बैठकीत आल्या तेव्हा खुशालरावांची नजर खाली गेली, बायकोकडे गेली, आणि बायकोच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ते पुन्हा नत्थुजींना विहिरीच्या पाण्याबद्दल विचारू लागले. नत्थुजी बायकोच्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पुसली आणि म्हणाले, "इथं बस."

साडेपाचला अमोल रागिणीला शोधत जिन्यावर आला. आईकडून त्याला सगळं कळलं होतं आणि तो चांगला तापला होता. 'सोयरीक माही अन् बातमी तुही,' एवढं तर बोलायचंच, असं ठरवून आला होता. सात नकारांचा राग त्यात होता. वरच्या पायरीवर रागिणी फोन कानाला लावून बसली होती, म्हणून तो वळणावर थांबला.

"मी तो लेख ब्लॉगवरून काढलाय, मॅडम. त्याजागी दुरुस्ती टाकलीय. चुना लावू नका, लावला असेल तर भरपूर पाण्यानं धुवा, डॉक्टरांना दाखवा. एक जण भाजलीय. आणखी असतील."

पलीकडून काही बोलणं झालं.

"एक शब्द बदलून नाही चालणार. म्हणजे, चालेल, पण ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना मी विचारलेलंच नव्हतं. तो लेख माझा नाहीच द्यायला." ती थांबली. "समजलं. हो, दुसऱ्या कोणाचं घ्या. नाही मॅडम, वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण नको." आणखी थोडं ऐकून ती म्हणाली, "पुढच्या महिन्यासाठी नवीन पाठवीन. आवडलं तर बघा."

फोन ठेवून तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि ती हमसून रडली. अमोलला आठवलं, आठवीत असताना ही पोरगी बैलानं तुडवली तरी रडली नव्हती. तो दोन पायऱ्या वर चढून तिच्या बाजूला बसला. ठरवून आणलेलं वाक्य गिळायला त्याला बरेच कष्ट पडले.

"चाल, गाडी निंगून राह्यली," तो म्हणाला. "अन् कल्याणी इचारत होती, घामात टिकनारं काजळ कोनतं. लगनासाठी."

परतीच्या वाटेवर बोरगाव मागे पडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पुढच्या सीटवर नत्थुजी डुलकी घेत होते. मैनाबाई सगळ्यात मागे, खिडकीशी, कोणाशी न बोलता बसल्या होत्या. त्यांना जावेशी बोलायला अजून आठ-पंधरा दिवस लागणार होते. लीलाबाईंनी चपला काढून पाय समोर लांब केले होते. उन्हाची तिरीप थेट पायांवर येत होती, आणि त्यांनी ते ओढून घेतले नाहीत.

"काय म्हने थे पुन्याची बाई?" त्यांनी विचारलं.

"गेलं, मोठी आई. ह्या महिन्याचं दुसऱ्या कोनाले देल्लं." रागिणीनं नाक ओढलं. "तुही माफी कशी मांगू थेच समजत नाई मले. लेख काढून टाकला. दुरुस्ती टाकली. कल्याणीची माफी मांगतली, तिच्या आईची मांगतली. सगळं केलं."

"सगळं नाई केलं."

"काय राह्यलं?"

"मले इचाराचं राह्यलं," लीलाबाई म्हणाल्या. "तवा नाई इचारलं, अन् आता काहाडून टाकलं, थेही नाई इचारलं. पाय माहे, लेप माहा. लिवतानी तू ठरवलं, पुसतानी तूच ठरवलं."

रागिणी त्यांच्याकडे वळून बसली. गाडी खड्ड्यातून गेली, नत्थुजी जागे झाले आणि पुन्हा झोपले.

"मोठी आई," ती म्हणाली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मोठी आई, तुह्या लेपावर लिवू का?"

लीलाबाईंनी खरोखरच विचार केला. वलगावाचा केला, शेजारणींचा केला, अमोलच्या लग्नातल्या दोनशे माणसांचा केला.

"मी नाई म्हनलं तं?"

"तं नाई लिवनार. कधीच नाई."

"पुन्याची बाई पुन्हा मांगन तरी?"

"तरी."

लीलाबाईंनी तिचं तोंड नीट निरखून पाहिलं, मघाशी कल्याणीचं पाहिलं तसं, हनुवटी वर करून.

"मंग लिव," त्या म्हणाल्या.